तिसरा परिच्छेद

वाचकहो, मिरजेतील एका तंबोरा करणाऱ्या कारागिराचे कान, त्यांच्या धाकट्या भावाचा परदेशप्रवास आणि मी स्वतः मोठ्याने वाचून दाखविलेले एक इंग्रजी पत्र, या तिहींचा वृत्तांत पुढील पानांत मी यथाशक्ती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण इयत्ता नववीपर्यंत झाले व तेथेच थांबले. तरीही जे घडले ते घडल्या क्रमाने सांगण्यास तेवढे शिक्षण पुरेसे आहे, असे मी मानतो. या गोष्टीस आता एकतीस वर्षे लोटली आहेत.

"आवाज आला की बोट वर करायचं, गेला की खाली," एवढे सांगून डॉक्टर वाटवे काचेपलीकडे यंत्राशी जाऊन बसले.

गुरुवारची सकाळ होती. कान तपासण्याची ती खोली म्हणजे कपाटाहून थोडी मोठी, आतून गादीने मढविलेली एक पेटीच होती. आत स्टुलावर मीरासाहेबचाचा बसले होते. टोपी काढावी लागल्यामुळे ते किंचित संकोचले होते. कानांवरचा हेडफोन वारंवार घसरत असल्याने तो हाताने धरून ठेवण्यासाठी मला आत उभे करण्यात आले होते. मी त्या दवाखान्यात शिपाई होतो, आणि चाचांच्या दुकानामागच्या गल्लीत माझे घर होते.

आरंभी जाड, घुमणारे आवाज आले असावेत. चाचांचे बोट शिस्तीने वर-खाली होत राहिले. पुढे आवाज बारीक होत गेले तसतसा बोट वर जाण्यास वेळ लागू लागला. मग ते गुडघ्यावर टेकले ते टेकलेलेच राहिले. काचेपलीकडे डॉक्टर बटण फिरवून आवाज वाढवीत होते. वाढविलेला तो आवाज, एखाद्या बारीक शिट्टीसारखा, हेडफोनच्या कडेतून झिरपून मला स्पष्ट ऐकू येत होता.

"संपलं काय रे भूपाल?" चाचांनी मला विचारले. "बंद केलेलं दिसतंय त्यांनी."

डॉक्टरांनी काचेतून थांबण्याची खूण केली. शिट्टी आणखी मोठी झाली. चाचा शांतपणे समोरच्या काचेकडे बघत होते.

तपासणी आटोपल्यावर डॉक्टरांनी एका छापील कागदावर फुल्या मारून त्या रेघेने जोडल्या. ती रेघ डावीकडे सपाट होती, आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली आली होती.

"कसं काय वाटतंय साहेब?" चाचांनी विचारले.

"सविस्तर लिहून देतो. शनिवारी पत्र न्या."

"तोंडी दोन शब्द सांगितले असते तर..."

"पत्रात सगळं येईल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हात धुण्यास सुरुवात केली.

डॉक्टर वाटवे अकरा वर्षे विलायतेत राहून आले होते. माणूस सज्जन. आवाज चढवून बोललेले त्यांना कधी कोणी ऐकले नाही. मात्र रुग्णासमोर बसून बोलण्याचा त्यांना संकोच वाटे, आणि जे सांगायचे ते सारे ते इंग्रजी पत्रात लिहीत.

बाहेर बाकावर दस्तगीर बसला होता. हा चाचांचा धाकटा भाऊ. दोघांत तेवीस वर्षांचे अंतर. आईबाप गेले तेव्हा दस्तगीर चार वर्षांचा होता. चाचांनीच त्याला वाढविले, आणि स्वतःला मूलबाळ नसल्यामुळे त्याच्यावरच सारी माया केली. दुकानात भोपळा कापणे, दांडी तासणे, जोडकाम, नक्षी, रंग, हे सर्व दस्तगीर करी, आणि ते तो उत्तम करी. परंतु तंबोऱ्याची जवारी लावणे हे काम चाचांचे एकट्याचे होते.

जवारी म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. तंबोऱ्याच्या तारा ज्या शिंगाच्या घोडीवर टेकतात, त्या घोडीच्या पाठीला कानशीने केसाएवढा उतार द्यावा लागतो. तो अचूक साधला की एका तारेच्या जाड आवाजातून असंख्य बारीक आवाज फुलून वर येतात. कानशीचा एक हात कमी पडला तर आवाज बंद राहतो, एक हात अधिक झाला तर घोडी वाया जाते. याचे माप नाही, पट्टी नाही. केवळ कान. शिकणाऱ्याने शेजारी बसून ऐकावयाचे आणि शिकविणाऱ्याने ऐकून "आता" असे म्हणावयाचे. चाचा म्हणत, दोन वर्षे असे रोज बसल्याशिवाय ते कोणासही येत नाही. मिरजेत इतरही कसबी माणसे होती, परंतु चाचांच्या हातची जवारी निराळी ओळखू येई. ती त्यांच्या वडिलांची होती, आणि त्यापूर्वी आजोबांची.

आता पेच असा होता. दस्तगीरला मस्कतेस सुताराची नोकरी चालून आली होती. एजंटास सोमवारपर्यंत होकार किंवा नकार कळवावयाचा होता. त्याच सुमारास चाचांना चार महिन्यांपासून बारीक आवाज कमी लागत असल्याची शंका आली होती. तेव्हा दोघा भावांत असे ठरले, की कान दाखवावेत. कान जाणार असतील तर दस्तगीरने राहून जवारी शिकावी. कान शाबूत असतील तर त्याने खुशाल जावे, परत आल्यावर शिकावे.

"बडे भाई, काय झालं?" दस्तगीरने विचारले.

"बोट वर करायला लावलं. शाळेतसुद्धा इतकं कधी केलं न्हाई मी."

"पास की नापास?"

"शनिवारी कागद मिळणार."

"तुम्हीच एकदा सांगा की. जाऊ का राहू?"

"मी कशाला सांगू? कागद सांगेल," चाचा म्हणाले आणि टोपी नीट बसवून चालू लागले.

येथे मला माझ्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. डॉक्टरांची पत्रे इंग्रजीत असत आणि रुग्ण बहुधा खेड्यापाड्यांतले. पत्र हाती पडले की ते माझ्याकडे येत. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून पत्र वाचून दाखवी व अर्थ सांगे. हे काम मला कोणी दिले नव्हते, आणि डॉक्टरांना ते ठाऊकही नव्हते. परंतु लोक मला "मगदूमअण्णा, कागद बघा की जरा" असे म्हणत, आणि तसे म्हटलेले मला फार आवडे. वाचनालयातून शब्दकोश आणून मी त्या पत्रांतला प्रत्येक शब्द पाठ केला होता.

प्रत्येक पत्रात तीन परिच्छेद असत. पहिल्यात काय आढळले ते, दुसऱ्यात औषध, आणि तिसऱ्यात पुढील काळाविषयी दोन ओळी, "सम डिफिकल्टी मे बी एक्स्पीरियन्स्ड इन फ्यूचर", म्हणजे भविष्यात काहीशी अडचण जाणवू शकेल, तसे झाल्यास पुन्हा दाखवावे. कानात मळ साचलेल्या पोरापासून ते सर्दी झालेल्या मामलेदारापर्यंत सर्वांच्या पत्रात हा मजकूर असे. टंकलेखन करणारे रिसबूड त्याला शेपूट म्हणत. त्यांनीच मला सांगून ठेवले होते, की मगदूम, शेपूट वाचत बसू नका, उगाच माणूस घाबरतो. म्हणून मी पहिले दोन परिच्छेद सांगून पत्राची घडी घालीत असे. शेकडो लोकांना मी तसे वाचून दाखविले, आणि कोणाचे काही बिघडले नाही.

शनिवारी दुपारी एक वाजता दवाखाना बंद झाला. डॉक्टर त्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी सांगलीस गेले होते. रिसबुडांनी चाचांचे पत्र माझ्या हाती दिले. मी ते पाहिले. तिसरा परिच्छेद दोन ओळींचा नव्हता, पाच ओळींचा होता.

"शेपूट लांबलंय," मी म्हणालो.

"साहेबांनी या खेपेला सांगून लिहून घेतलं," रिसबूड यंत्रावर कापड घालीत म्हणाले. "विलायतेची मासिकं आलीत ना कालच्या टपालानं. मासिकं आली की साहेबांची भाषा लांबते. पुढच्या आठवड्यात येईल ताळ्यावर."

आम्ही दोघेही हसलो.

दुकानात दस्तगीर नव्या भोपळ्याला सरस लावीत होता. चाचा आपल्या बैठकीवर होते. मला पाहताच त्यांनी मांडीवरचा तंबोरा भिंतीला टेकविला आणि चहा मागविला. मी पत्र उघडून प्रथम पहिला परिच्छेद इंग्रजीत वाचला, कारण तसे वाचल्याने पत्राचा मान राहतो अशी माझी समजूत होती.

"अण्णा, इंग्रजी वाचताना तुमचा आवाज डॉक्टरासारखा होतो," दस्तगीर म्हणाला. "फी मागाल की काय असं वाटतं."

"गप बस. वाचू दे त्याला."

मी अर्थ सांगितला. दोन्ही कानांचे पडदे निर्दोष आहेत. कानात पू नाही, सूज नाही. जाड व मध्यम आवाज योग्य ऐकू येतात. बारीक आवाजांचे ऐकणे अपेक्षेहून कमी आहे. दुसऱ्या परिच्छेदात शक्तीच्या गोळ्या होत्या.

"आणि?" चाचांनी विचारले.

"आणि खाली शेपूट आहे. ते सगळ्यांच्याच कागदाला असतं, चाचा."

"तरी वाच की."

मी वाचले. त्यातील एकही शब्द मला अपरिचित नव्हता, हे मी येथे प्रतिज्ञेवर लिहितो. त्यात म्हटले होते, की कालांतराने बारीक आवाज ओळखण्यात यांना काहीशी अडचण जाणवेल, ही शक्यता नाकारता येत नाही. यांच्या कामाचे स्वरूप लक्षात घेता, त्या दृष्टीने योग्य ती व्यवस्था लवकरच करण्याचा विचार करणे कदाचित इष्ट ठरेल.

"म्हणजे काय?" चाचा म्हणाले.

"म्हणजे पुढेमागे थोडी अडचण होऊ शकेल. होईलच असं नाही म्हटलेलं. होऊ शकेल."

"कसली अडचण?"

"बारीक आवाजाची. तीही काहीशीच. वय झालं की सगळ्यांनाच होते, चाचा. आमच्या वडिलांना तर हाक मारली तरी ऐकू येत नाही."

"केव्हा होणार?"

"कालांतराने."

"कालांतर म्हणजे किती?"

"त्याला काही ठरावीक मुदत नसते."

दस्तगीरने सरसाची काडी खाली ठेवली होती.

"अण्णा, सरळ सांगा. मी जायला हरकत नाही ना?"

मी चाचांकडे पाहिले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. मला वाटले, हा मनुष्य कानांच्या काळजीने खंगला आहे, आणि त्याला धीर देणे हे माझे कर्तव्य आहे. गादीच्या खोलीत ऐकलेली शिट्टी त्या क्षणी मला आठवली. रिसबुडांचे हसणेही आठवले.

"निश्चिंत जावे," मी म्हणालो.

"ऐकलंत का बडे भाई?"

"ऐकलं," चाचा म्हणाले. त्यांनी भिंतीचा तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला, तारांवरून बोट फिरविले व म्हणाले, "मग झालं. मस्कतेत ऊन फार असतं म्हणतात. डोक्याला बांधत जा."

सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर फाइली ठेवताना चाचांची फाइल सर्वांत वर आली. डॉक्टर एकटे होते. साहेब, हा तिसरा परिच्छेद नेहमीचाच ना, इतका एक प्रश्न माझ्या जिभेवर होता. परंतु तो विचारला असता तर मी बाकावर बसून पत्रे वाचतो हे उघड झाले असते, आणि वाचलेले मला नीट कळत नाही हेही उघड झाले असते. मी फाइल खाली सरकवली. दुपारी दस्तगीरने एजंटास होकार कळविला. बुधवारी तो मुंबईस गेला, आणि तेथून पुढे.

पुढील दीड वर्षात काय झाले ते मी थोडक्यात सांगतो. प्रथम धारवाडहून एक तंबोरा परत आला. सोबतच्या पत्रात लिहिले होते, की आवाज किंचित मिटल्यासारखा वाटतो, बहुधा हवामानाचा परिणाम असावा, सवडीने पाहावे. मग पुण्याहून एक आला. मग एकदम तीन. प्रत्येकासोबत अशीच नम्र चिठ्ठी. कोणी प्रवासास दोष दिला, कोणी स्वतःच्या हातास. चाचा त्या चिठ्ठ्या माझ्याकडून वाचून घेत, आणि प्रत्येक वेळी हात कानामागे धरून जरा पुढे झुकत. नंतर त्यांनी वाचून घेणे सोडले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्याशी बोलावयाचे तर पाटीवर लिहावे लागे.

तेव्हा मी धीर करून डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी जुनी फाइल काढली. पत्राची प्रत चष्म्याजवळ धरून वाचली.

"मगदूम, मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

"होय साहेब."

"हे बघ. लवकरच, असं लिहिलंय. कामाचं स्वरूप, असं लिहिलंय. मला आलेख बघून त्याच दिवशी कळलं होतं. दोन वर्षं. फार तर अडीच."

"काहीशी अडचण, असं लिहिलंय साहेब."

"मग काय लिहायचं? इतक्या मोठ्या कारागिराला असं लिहायचं की दोन वर्षांत तुझं काम संपेल?" त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "तिकडे डॉक्टरनं एवढं लिहिलं, की माणूस दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र करतो. तिथं याहून जास्त कुणी लिहीत नाही. मी तिथं शिकलो." त्यांनी प्रत फाइलीत ठेवली. "त्यांना हे वाचून कुणी दाखवलं?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं होतं."

चाचांना तोंडी सांगावेसे नाही का वाटले, असा एक प्रश्न मलाही त्यांना विचारावासा वाटला. तो मी विचारला नाही. त्या दिवसापासून मी बाकावर बसून पत्रे वाचणे बंद केले. लोकांनी कारण विचारले तेव्हा नजर अधू झाल्याचे सांगितले. रिसबूड शेपूट पूर्वीप्रमाणेच टंकीत राहिले.

त्याच आठवड्यात मी चाचांसमोर बसून पाटीवर सर्व काही लिहिले. तो परिच्छेद लांब होता हे मला दिसले होते. शिट्टी मला ऐकू आली होती. सोमवारी मी विचारू शकलो असतो, पण विचारले नाही. पाटी तीन वेळा भरली व तीन वेळा पुसावी लागली. चाचा चौथीपर्यंत शिकलेले, ते अक्षर लावून लावून सावकाश वाचत.

वाचून झाल्यावर ते बोलले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने बोलत, आणि रस्त्यावरची माणसे वळून पाहत.

"तू कागद उघडलास तेव्हा आत काय हाय ते मला ठाऊक होतं. माझे कान, मला कळणार न्हाईत? त्या पेटीत डॉक्टर बटण फिरवत होता ते काचेतनं दिसत होतं की. बटण फिरतंय आणि मला काही येत न्हाई. मग आणखी काय कळायचं राहिलं?"

मी पाटीवर लिहिले, मग तपासणी कशाला?

"त्याला थांब म्हणायला." ते हसले, पण ते हसणे मला बघवेना. "मी थांब म्हटलं असतं तर तो थांबलाच असता. जन्मभर म्हणाला असता की भाईनं अडवलं. म्हणाला नसता, पण मनात असतं. म्हणून म्हटलं, डॉक्टर लिहील, भूपाल वाचील, हा ऐकेल. मला तोंड उघडावं लागणार न्हाई. चांगलं ठरवलं होतं मी." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "तुला किती वेळा विचारलं मी, भूपाल? कसली अडचण विचारलं. केव्हा विचारलं. कालांतर म्हणजे किती, तेही विचारलं."

मी पाटी पुसून भिंतीला टेकवून ठेवली.

दस्तगीर अडीच वर्षांनी परत आला. भावाच्या कानांविषयी त्याला कोणी नीट कळविलेच नव्हते. आम्ही पत्रांतून लिहीत गेलो, की चाचांना जरा कमी ऐकू येते. स्टेशनवर चाचांना त्याने मागून हाक मारली, आणि ते वळले नाहीत, तेव्हा त्याला कळले.

तो दुसऱ्याच दिवशी भावाशेजारी बैठकीवर बसला. मला जवारी शिकवा, म्हणाला. चाचांनी मान हलविली, तरी तो उठला नाही. रोज सकाळी कानस घेऊन बसे. चाचा त्याचा हात धरून कानशीचा कोन दाखवीत, दाब दाखवीत. ते सर्व हातांना अजून येत होते. परंतु कोठे थांबावयाचे ते हातांना कळत नाही. दस्तगीर तार छेडून भावाच्या तोंडाकडे बघे, आणि भाऊ त्याच्या तोंडाकडे बघे. अशा नऊ घोड्या वाया गेल्या.

एका रविवारी सकाळी मी तेथे होतो. वडिलांच्या वेळचे जपून ठेवलेले सांबरशिंग चाचांनी त्या दिवशी घोडीसाठी काढले होते. तसले दुसरे आता मिळण्यासारखे नव्हते. दस्तगीरने घोडी बसविली, तारा चढविल्या. मग चाचांनी एक गोष्ट केली. ते तंबोऱ्याच्या दांडीवर वाकले, आणि तिची कड त्यांनी दातांत धरली. लाकडातून काही येते का, ते त्यांना पाहावयाचे होते. डोळे मिटून त्यांनी हाताने छेड म्हणून खूण केली.

दस्तगीरने खर्जाची तार छेडली.

चाचांनी बोटाने खुणावले, अजून. दस्तगीरने कानशीचा एक हात मारून पुन्हा छेडले. अजून. पुन्हा छेडले. अजून. तीस वर्षे त्या दुकानामागे राहून चांगला तंबोरा कसा बोलतो ते माझ्या कानांना ठाऊक झाले होते. मध्ये एकदा, पाचव्या की सहाव्या हाताला, तो आवाज क्षणभर उघडला. दस्तगीरला ते उमगले नाही, आणि मी तोंड उघडेपर्यंत चाचांचे बोट पुन्हा हलले होते. त्यानंतरचा आवाज रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा होता.

दस्तगीरने कानस खाली ठेवली. भावाच्या खांद्यावर हात ठेवून तो तोंडभर हसला आणि ओठ ठळक हलवीत म्हणाला, "लागली, बडे भाई. लागली जवारी."

चाचांनी दांडी सोडली. दाढी पुसली. भावाच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे वळले.

"भूपाल?"

दस्तगीर त्यांच्या मागून मला डोळ्यांनी विनवीत होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही. यापुढे जे आहे तेच सांगावयाचे, असा माझा निश्चय झाला होता, आणि तो मी सत्कृत्य समजत होतो. मी मान हलवली. नाही.

चाचांनी खुंट्या पिळून चारही तारा एकेक करून सैल केल्या. घोडी काढून अंगठ्याने तिची पाठ चाचपून पाहिली आणि ती खिडकीत ठेवून दिली. कानस उचलून दस्तगीरच्या हातात दिली.

"ठेव," ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले. "दारं-खिडक्यांच्या कामाला येईल."

ते उठून आत गेले. दस्तगीर मला पायरीपर्यंत सोडावयास आला. तो रागावलेला नव्हता. अतिशय थकलेल्या स्वरात तो म्हणाला, "त्या शनिवारी नाही म्हणायला पाहिजे होतं, अण्णा. आज कुणासाठी म्हणालात?"

त्यानंतर मीरासाहेबचाचा सात वर्षे जगले. त्या बैठकीवर ते पुन्हा बसले नाहीत. दस्तगीर आज त्याच जागेत दरवाजे, चौकटी व पलंग तयार करतो, आणि त्याचे काम चोख असते. आपण आपला वेळ खर्चून हे निवेदन अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

भूपाल आदगोंडा मगदूम,
मिरज